व्याह्यांची कुस्ती

माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या हाताची बोटं मोडली ती माझ्या कुस्तीपायी.

मी तेव्हा देशमुखांचा पैलवान होतो. निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. आमचं गाव लोह्याच्या अलीकडं, आणि देशमुखांची गढी आमच्या शेताच्या बांधावरून दिसायची. तहसील, कचेरी, पोलिसांचा अमीन सगळं कंधारला होतं, पण खेड्यातल्या माणसाला कंधार लांब आणि गढी जवळ. बांधाचं भांडण असो, बैल चोरीला जावो, सोयरीक मोडो, आधी गढीवर जायचं आणि देशमुख म्हणतील तसं पुढं करायचं. अशा मोठ्या माणसाच्या दारात एक घोडा लागे, ओळखीतला एक वकील लागे आणि एक पैलवान लागे. घोडा वरातीत दिसायचा, वकील कचेरीत आणि पैलवान जत्रेत.

मला त्यांनी गावच्या कुस्त्यांत पाहिलं आणि वडिलांकडं मागून घेतलं. वडील हो म्हणाले. घरात शेत कसायला दादा होताच. मग मी नांदेडला नदीकाठच्या एका तालमीत राहिलो. तिथले वस्ताद मुसलमान होते, उंचीनं बेताचे, आवाजानं त्याहून बेताचे. पहाटे ते नमाज पढून यायचे, आम्ही मारुतीला पाणी घालून यायचो, आणि मग दोघांची माती एकच. दूध, तूप, बदाम गढीवरून यायचं. त्याच्या बदल्यात मी जत्रेत लढायचं आणि देशमुख कचेरीला निघाले की फेटा बांधून त्यांच्या मागं उभं राहायचं. बोलायचं काही नसे. मी नुसता दिसलो तरी त्यांचं काम भागायचं.

देशमुखांचं लातूरकडच्या एका जहागीरदारांशी वैर होतं. अहमदपुराच्या बाजूला दोघांच्या गावांची शीव लागे. वैर कशावरून पडलं हे कुणालाच नक्की सांगता यायचं नाही. कुणी म्हणे आजोबांच्या काळात एका घोडीवरून बिनसलं, कुणी म्हणे पाटीलकीवरून. पण वैर होतं आणि ते सगळ्यांना पाठ होतं. त्यांच्या गावची मुलगी आमच्या गावात येत नसे, आमच्या गावचा बैल त्यांच्या बाजारात उभा राहत नसे. जहागीरदारांनीही पैलवान ठेवला होता. निलंग्याकडचा लिंगायत, माझ्यापेक्षा वयानं बराच मोठा. अंगानं रुंद, मान नाहीच म्हणावी असा. बोलण्यात निम्मं कानडी. सगळे त्याला अण्णा म्हणत. मीही अण्णाच म्हणायचो, पण ते फार पुढं. तेव्हा आमचं बोलणं नव्हतं. दर वर्षी माळेगावच्या जत्रेत आमची जोड लागायची आणि दर वर्षी पंच दोघांचे हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवायचे.

ज्या वर्षी दादाची बोटं गेली त्या वर्षीही पंचांनी तसेच हात वर केले. तेवढ्यात जहागीरदारांच्या माणसांतून कुणीतरी ओरडलं की माझ्या अंगाला तेल होतं. तेल नव्हतं. पण आमच्या बाजूनं त्याला शिवी गेली, तिकडून दगड आला, आणि मग फडात काठ्याच काठ्या झाल्या. माणसं पैलवानांना विसरली. मी आणि अण्णा मातीत उभे होतो, अंगावर लंगोटाशिवाय काही नाही, आणि आमच्या नावानं चाललेली मारामारी बघत होतो. दादा मला ओढून काढायला आत शिरला. तिकडच्या एका धनगराची काठी त्याच्या डोक्यावर येत होती, ती त्यानं हातावर झेलली.

हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पाला लावला. हात बरा झाला, पण मधली बोटं वाकायची बंद झाली. दुसऱ्या कुणाचा हात असता तर एवढं वाटलं नसतं. आमच्या दादाची पेरणीतली मूठ नावाजलेली होती. तिफणीमागं चालताना चाड्याच्या लाकडी नरसाळ्यात तो असं बी सोडायचा की उगवलेल्या ज्वारीचं तास, म्हणजे ओळ, लांबून रेघ ओढल्यासारखं दिसायचं. शेजारच्या गावची माणसं त्याला मूठ धरायला बोलवून नेत. त्या साली तो चाड्यावर उभा राहिला तेव्हा बी एका ठिकाणी ढिगानं पडायचं आणि पुढं नुसतीच माती. दोन तासं त्यानं तशी काढली, मग थांबला आणि वहिनीला हाक मारली. त्यानंतर आमच्या शेतात मूठ वहिनीच धरू लागली.

दादाला याचं दुःख नव्हतं असं नाही. पण त्याला अभिमान जास्त होता. देशमुख स्वतः आमच्या घरी येऊन ओट्यावर बसून गेले होते. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवायचा आणि सांगायचा, मालकाच्या इज्जतीसाठी गेली.

त्या दंगलीनंतर सरकारनं दोन्ही मालकांना बोलावून पुन्हा शांतता मोडणार नाही असा मुचलका लिहून घेतला. वर्षभर सगळं थंड होतं. मग होळी झाल्यावर एक दिवस देशमुखांचा निरोप तालमीत आला, आणि मी गाडी धरून गावी आलो.

ते मागच्या सोप्यात एकटेच बसले होते. नेहमी त्यांच्याभोवती माणसं असत, म्हणून मला ते चमत्कारिक वाटलं. त्यांनी मला बसायला सांगितलं. त्यांच्यासमोर मी कधी बसलो नव्हतो, म्हणून उंबऱ्याशी टेकलो. आधी त्यांनी खुराकाची चौकशी केली, वस्तादांची केली, दादाच्या हाताची केली. मग बराच वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. त्यांना एकच मुलगी, आणि ती लहानपणापासून आईवेगळी. सगळ्या गावाला माहीत होतं की तिचं लग्न जमत नव्हतं. मोठ्या घराण्यांचं असंच असतं, बरोबरीचं घर सापडेना, आणि खालच्या घरात ते देईनात.

त्यांनी सांगितलं ते असं. मुचलक्याच्या वेळी दोन्ही मालक कचेरीत पुष्कळ वर्षांनी समोरासमोर बसले. तहसीलदारसाहेबांनीच दोघांना चहा पाजला आणि हसत सुचवलं की एकाला मुलगी आहे, दुसऱ्याला मुलगा आहे, मग काठ्या कशाला. बोलणं तिथून सुरू झालं. जहागीरदारांचा धाकटा मुलगा हैदराबादेत शिकलेला होता, स्वभावानं गरीब होता. सगळं ठरत आलं होतं. फक्त जहागीरदारांचं एक म्हणणं होतं. लातूरला मैदान भरवायचं, साहेब येणार, आणि त्यात आमची कुस्ती निकाली करायची. इतकी वर्षं आपल्या माणसांना ज्यांच्याविरुद्ध उभं केलं त्यांचीच मुलगी घरात आणायची, तर आधी माणसांना एकदा जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे.

मी विचारलं, "म्हंजे मी पडायचं?"

देशमुखांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "मुलीच्या बापाला वाकावं लागतं. मी साऱ्या लोकांपुढं वाकलो तर उद्या तिला तिथं किंमत राहणार न्हाई. तू माझ्यातर्फे वाक."

हुकूम केला असता तर मला राग आला असता. पण त्यांचा आवाज कचेरीत अर्ज द्यायला आलेल्या माणसासारखा होता. मी हो म्हणालो. लग्नाचं अजून कुणाला कळू द्यायचं नाही, तेही कबूल केलं.

अशा कुस्तीला आमच्यात नुरा म्हणत. दोघांचं आधी ठरलेलं, लोकांपुढं नुसता देखावा. गावोगावचे पोटार्थी पैलवान करायचे. आमच्या वस्तादांना त्या शब्दाचीही चीड होती.

घरी गेलो तर दादा अंगणात बैलाला पाणी दाखवत होता. लातूरच्या मैदानाची बातमी त्याला माझ्याआधी लागली होती. त्याचा चेहरा उजळला होता. म्हणाला, "यंदा सोडू नकोस त्याला. गावातली समदी माणसं गाड्या जुंपून येऊन राहिली." मी हाव म्हणालो आणि पाय धुवायला परसात गेलो. तिथं उगीच बराच वेळ लावला.

लातूरला मी आणि वस्ताद दोन दिवस आधी पोचलो. अहमदपुरापर्यंत बैलगाडी, पुढं सरकारी मोटार. गंजाजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, एका आडत्याच्या कोठ्यात आमची सोय होती, सगळीकडं तुरीची धूळ. आदल्या दिवशी सकाळी वस्ताद कुणा जुन्या शागिर्दाला भेटायला गेले आणि मी गावाबाहेरच्या विहिरीवर आंघोळीला गेलो. तिथं पायरीवर अण्णा बसला होता. उजव्या गुडघ्याला चिंध्या बांधल्या होत्या आणि त्यावर तो गरम विटेचा शेक देत होता. मला पाहून त्यानं पाय झाकला नाही.

"ये, तम्मा," तो म्हणाला. तम्मा म्हणजे त्यांच्याकडं धाकटा भाऊ. इतकी वर्षं आम्ही एकमेकांच्या मानेवर हात टाकले होते, पण त्यानं माझ्याशी उच्चारलेला तो पहिला शब्द.

मी बसलो. त्यानं सरळच विचारलं की मला सांगितलंय का. मी मान हलवली. त्यालाही सांगितलं होतं. आपला गुडघा आता महिनाभरसुद्धा धड चालत नाही, ही आपली शेवटची कुस्ती, हे त्यानं जहागीरदारांना आधीच सांगून टाकलं होतं. त्यावर जहागीरदार म्हणाले होते, बरंच झालं, जाता जाता जिंकून जा. ते चांगल्या मनानंच म्हणाले होते. अण्णानं तेही कबूल केलं. पण त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

"शेवटची हाय," तो म्हणाला. "दान म्हून नको मला."

मी म्हणालो, मालकाला शब्द दिलाय. पोरीच्या लग्नाचा मामला आहे.

"माझ्या मालकाच्या घरीच येनार ना ती पोर? मी बघितलंय ते घर. पोरगा चांगला हाय. तू पडलास तरी लगीन होईल, मी पडलो तरी होईल. साहेबानं जमवलेलं लगीन दोन पैलवानांनी मोडत न्हाई." मग म्हणाला, "ह्या पायावर ये. सोडू नको. मी सोडनार न्हाई."

आम्ही दोघांनी आंघोळ केली. त्यानं माझ्या पाठीवर पाणी ओतलं, मी त्याच्या. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मैदान भरलं. गंजाबाहेरची सगळी रिकामी जागा माणसांनी काळी झाली होती. एका बाजूला शामियाना, त्यात मधोमध तहसीलदारसाहेब शेरवानीत, एका अंगाला देशमुख, दुसऱ्या अंगाला जहागीरदार. आमची माणसं एका बाजूला, त्यांची दुसऱ्या बाजूला, मधे पोलीस. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं बघून दात खात होती, आणि शामियान्यात त्यांचे मालक एकाच तबकातला विडा उचलत होते. ते दृश्य मला मातीतून स्पष्ट दिसत होतं. बाकी कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. साहेबांपुढं असंच वागायचं असतं, असं त्यांना वाटलं असणार.

हलगी सुरू झाली. सलामी झाली. अण्णानं शड्डू ठोकला, मी ठोकला. तोपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं, हे मी अगदी खरं सांगतो. खडाखडी सुरू झाली. त्यानं माझ्या मानेवर हात टाकला आणि असा काही झटका दिला की दातावर दात आपटले. त्या झटक्यात दान नव्हतं. माझ्या अंगानं माझ्याआधी उत्तर दिलं. मी त्याचा हात तोडला, कमरेत शिरलो, तो निसटला. मग मला देशमुखही दिसेनात आणि दादाही दिसेना. इतकी वर्षं आम्ही लढलो होतो, पण दोघांच्याही मनात हरण्याची भीती असायची. आमच्या हरण्यानं कुणाची तरी डोकी फुटणार, ही भीती. त्या दिवशी ती नव्हती. कुस्ती मालकांनी आधीच आपसात वाटून घेतली होती, त्यामुळं आमच्या वाट्याला नुसती कुस्ती उरली होती.

खूप वेळ चाललं. ऊन उतरलं. अण्णा थकला, त्याचा श्वास मला ऐकू यायला लागला. तो उजवा पाय ओढायला लागला. मग एका घटकेला तो पाय पुढं राहिला, नको इतका पुढं. मी खाली सुटलो आणि दोन्ही हातांनी त्याच्या पायाला मिठी घालून पट काढला. पडायचं म्हणून नाही, पाडायचं म्हणूनच. शब्द मोडला हे मला त्या क्षणी कळत होतं. पाय माझ्या हातात आला, आणि त्याच वेळी त्याचं सगळं वजन माझ्या पाठीवर आलं. त्यानं पाय पुढं दिला होता तो मी धरावा म्हणूनच. माझं तोंड मातीत गेलं. त्यानं लंगोटात हात घालून घिस्सा लावला, मला मातीवरून फरफटत ओढलं, मी खांदा रोवायला गेलो, त्याच खांद्यावरून त्यानं मला उलटवलं. मला आभाळ दिसलं. दोन्ही खांदे मातीला लागलेले मला स्वतःला कळले.

त्यांच्या बाजूनं आरोळी उठली. फेटे उडाले. अण्णाला खांद्यावर घेतलं. आमच्या बाजूला कुणी बोलत नव्हतं. साहेबांनी उठून दोन्ही बाजूंना शाबासकी दिली, आणि देशमुखांनी जहागीरदारांना आलिंगन दिलं. पोलीस होते म्हणून दगड आला नाही.

वस्ताद मातीत आले आणि त्यांनी माझ्या अंगावर टॉवेल टाकला. त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. पाठ पुसता पुसता त्यांच्या त्या हलक्या आवाजात म्हणाले, "आज सच्ची कुस्ती हुई, बेटा. तू सच्चा हारा." मला तेव्हा रडू आलं. आसपासच्यांना वाटलं हरलो म्हणून रडतोय. दादा गर्दीतून आला आणि त्यानं फक्त माझे कपडे हातात घेतले. परतीच्या वाटेवर तो गाडीत माझ्या शेजारी बसला.

पंधरवड्यात लग्नाची बातमी फुटली. मग मात्र गावाला सगळं कळलं, किंवा कळलं असं वाटलं. पारावर, गिरणीवर, मुदखेडच्या स्टेशनावर, जिथं म्हणून आमच्या भागातला माणूस भेटे तिथं एकच बोलणं. लातूरची कुस्ती नुरा होती. व्याह्यांनी ठरवली, पैलवानांनी केली. मला कुणी तोंडावर बोललं नाही. मी चौकात गेलो की बोलणं थांबायचं, तेवढंच.

एकदा मी आणि दादा शेतात कुंपणाला काट्या लावत होतो. एका हातानं काटी धरून त्यानं विचारलं, खरं काय ते सांग. मी सगळं सांगितलं. सोप्यातलं बोलणं, विहिरीवरचं, पटाचं. तो काम थांबवून ऐकत राहिला.

"पट पाडायसाठीच काढलास?"

"हाव."

"आन तरी त्यानं पाडलं."

"हाव, दादा."

त्यानं काटी रोवली आणि पायानं दाबली. माझ्यावर त्यानं विश्वास ठेवला, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. पण त्याला दुसरंच काहीतरी टोचत होतं. थोड्या वेळानं तो हात पुढं करून म्हणाला, "तवा मालकाला ह्येच करायचं हुतं, तर ही बोटं कशाला गेली रे?" मग त्यानं पुढची काटी उचलली.

लग्न वैशाखात गढीपुढच्या मांडवात झालं. दोन्हीकडची गावं जेवायला. वाढायला आमच्या गावची तरणी माणसं होती, आणि सोयरीक घट्ट दिसावी म्हणून वरपक्षाकडचेही काही जण वाढायला उभे केले होते. दादाकडं वरणाची बादली होती. डाव्या हातात बादली, उजव्या हातात पळी, आणि पळी त्याच्या बोटांत नीट बसत नव्हती. मी भाताची पाटी घेऊन त्याच्या मागं होतो. समोरून बुंदीची परात घेऊन एक माणूस आला. खांद्यावर घोंगडी नव्हती, हातात काठी नव्हती, तरी दादानं त्याला ओळखलं. तो तोच धनगर होता.

दोघं पंगतीच्या मधोमध उभे राहिले. पानावर बसलेली माणसं वरण मागत होती. तो माणूस दादाच्या हाताकडं बघत होता, पळीकडं, त्या न वाकणाऱ्या बोटांकडं. मग त्यानं परात खाली ठेवली, दादाच्या हातातली पळी काढून घेतली आणि म्हणाला, "बादली तुमी धरा. वाढतो मी."

दादानं बादली धरली. ते दोघं ती पंगत संपेपर्यंत तसेच फिरले, एकाच्या हातात बादली, दुसऱ्याच्या हातात पळी. बुंदी वाढायची राहिली म्हणून मीच ती परात उचलली. वाढप्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसली तेव्हा ते शेजारी शेजारी बसले होते. त्या माणसालाही माळेगावच्या दंगलीत मार बसला होता, बरगडीत, थंडीत अजून दुखायचं म्हणे. काय काय बोलले ते मला ठाऊक नाही. दादानं मला घरी आल्यावर एवढंच सांगितलं की त्याच्याकडं मेंढरं चांगली आहेत आणि पावसाळ्यानंतर तो ती आपल्या रानात खतासाठी बसवायला आणणार आहे. आणि त्यानं आणली. पुढं कितीतरी वर्षं त्याची मेंढरं आमच्या रानात बसत.

मांडव उतरल्यावर देशमुखांनी मला बोलावलं. मुलगी सासरी गेल्यामुळं घर रिकामं वाटत होतं. त्यांनी मला कोरा फेटा दिला आणि तो स्वतःच्या हातानं बांधला. त्यांचे डोळे ओले झाले होते. म्हणाले, "माझ्या शब्दासाठी पाठ लावलीस. ही गोष्ट मी विसरणार न्हाई."

मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "मालक, मी पडलो न्हाई. मला पाडलं. मी तर त्याला पाडाय गेलो हुतो."

ते हसले, अगदी मायेनं. त्यांना वाटलं, त्यांच्या अंगावर उपकार ठेवायचा नाही म्हणून मी असं बोलतोय. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असं बोलणारा माणूस मिळत न्हाई आता." मी पुन्हा सांगून पाहिलं. ते पुन्हा हसले. मग मी नाद सोडला आणि त्यांच्याकडं दुसरी गोष्ट मागितली. मला आता घरी राहू द्या, दादाला हात पाहिजे. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी अडवलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी दुसरा पैलवान ठेवला. कचेरीत मागं उभं राहायला कुणीतरी लागत होतंच.

मी त्यांना दोष देत नाही. त्यांना तोच रिवाज माहीत होता. साहेब त्यांच्याशी तसंच वागायचे, हैदराबादेतले अंमलदार साहेबांशी तसंच वागत असणार. वरून ठरायचं, मग खाली येताना त्याला फेटा बांधला जायचा, हलगी लागायची, आणि खालच्या माणसाला वाटायचं की निकाल आपल्या डोळ्यांपुढं लागतोय. पुढं राज्य बदललं, मतपेट्या आल्या, तरी पुष्कळदा मला शामियान्यातलं ते विड्याचं तबक दिसत राहिलं. पण मातीत उतरलेली माणसं खोटी नसतात, हेही मी त्याच दिवशी पाहिलं होतं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं.

अण्णाकडं मी दिवाळीनंतर गेलो. निलंग्याच्या पलीकडं त्याचं गाव, काळ्या दगडाची घरं. त्यानं कुस्ती सोडून तेलाचा घाणा घातला होता. मला पाहून "बर्री, बर्री", म्हणजे या, या, म्हणत तो लंगडत बाहेर आला. त्याच्या गावातही तीच बोलवा होती. लोक त्याला म्हणत, अण्णा, शेवटची कुस्ती तुला आंदण मिळाली. तो भांडत बसत नसे.

मी त्याला बरेच दिवस मनात राहिलेलं विचारलं. पाय खरंच दुखत होता, की मला फसवायला चिंध्या बांधल्या होत्या?

तो इतका हसला की त्याची बायको आतून बघायला आली. "दुखत हुता, तम्मा. आजबी दुखतो. पन दुखता पाय पुढं टाकायचा का मागं, ते तर माझ्याच हातात हुतं ना?"

त्याच्या बायकोनं कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. जेवण झाल्यावर तो मला घाण्याच्या मागं घेऊन गेला. तिथं पेंड वाळत घातलेली होती. ती त्यानं बाजूला सारली, जमीन पायानं सपाट केली आणि मला सांगितलं की पट काढताना माझं डोकं बाहेरच्या बाजूला राहतं, ते आत पाहिजे. मी म्हणालो, अण्णा, मीही सोडली आता कुस्ती. तो म्हणाला, सोडली तर सोडली, चूक कशाला ठेवतोस, आणि तो दुखरा पाय माझ्यापुढं टाकून उभा राहिला. मी धोतर खोचलं आणि डोकं आत घालून खाली सुटलो. घाण्याचा बैल थांबून आमच्याकडं बघत होता, आणि अण्णाची बायको दारातून कानडीत दोघांनाही रागावत होती.